धोक्याच्या रकान्यात ‘नाही’

खांबेटे सर बाटलीवरची चिठ्ठी वाचत नसत. बूच काढायचं, बाटली नाकाखाली धरायची, एक खोल श्वास ओढायचा आणि आतल्या रसायनाचं नाव सांगायचं. आमची प्रयोगशाळा कल्याणला, खाडीच्या अंगाला, एका जुन्या भाताच्या वखारीत होती आणि तिथल्या झुरळांना चिठ्ठ्यांमागची खळ फार आवडायची. वर्ष संपेपर्यंत निम्म्या बाटल्या उघड्या पडायच्या. दुसऱ्या कुणी नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या. सरांनी नाक लावलं. एकदा बी.एस्सी.च्या वर्गासमोर त्यांनी अशीच एक बाटली छाती भरून ओढली आणि तीन पावलं मागे जाऊन फळ्यावर आदळले. डोळ्यांना धारा लागलेल्या, तोंडातून शब्द फुटेना. पोरं जागची उठली. मग सरांनी रुमालाने डोळे पुसले, कोट नीट केला आणि म्हणाले, “अमोनिया. चांगला कडक आहे.” वर्ग हसला. सरांना वाटलं, दाद मिळाली.

मी त्या वर्गाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वेळी टेबलांमधून फिरायचं, पोरांना काचेची नळी कशी धरायची ते दाखवायचं, सामान मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं. उरलेल्या वेळात मी डोंबिवलीत पत्रकं काढायचो. पाण्याच्या नळासाठी, भाडेवाढीविरुद्ध, ज्या गोष्टीचा राग येईल तिच्याविरुद्ध. सरांना हे माहीत होतं. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. “काय पत्रकवाले,” म्हणायचे, “आज कोणाचा निषेध?” आणि स्वतःच हसायचे.

गेल्या महिन्यात सर वारले. झोपेत, हृदय बंद पडून. शांत मरण आलं. त्यांना सांगता आलं असतं तर हाही त्यांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला असता, की बघा, रसायनाने गेलो का? कॉलेजात शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. ठराव वाचला गेला, त्यात एक वाक्य होतं: सरांच्या संपूर्ण कारकिर्दीत प्रयोगशाळेत एकही अनुचित प्रकार घडला नाही. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मीही राहिलो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. ठीक आहे. पण मग मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं तरी कशाला लिहायचं? ते वाक्य ठरावात नसतं, तर हा लेख मी लिहिला नसता.

सर दिसायला रुबाबदार. पांढरं धोतर, काळा कोट, कपाळावर कधी घाम नाही. बोलणं पुणेरी, स्वच्छ, प्रत्येक शब्द घासून पुसून ठेवलेला. वाचन किती होतं मला ठाऊक नाही, पाठांतर मात्र दांडगं होतं. पाठ्यपुस्तकाचं पान सांगा, सर ओळीच म्हणून दाखवायचे. पोरांनाही तेच. “समजलं नाही तरी चालेल, पाठ झालं पाहिजे,” हे त्यांचं वर्गातलं पहिलं वाक्य असायचं. “समज मागाहून येते. नाही आली तरी पास व्हाल.” पोरं पास व्हायचीही. त्यामुळे गावात त्यांचं नाव मोठं होतं आणि मी त्यांच्याविरुद्ध काही बोललो की लोक माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायचे.

त्यांचं दुसरं वाक्य मला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं. विषारी वायू बाहेर जावेत म्हणून प्रयोगशाळेत काचेचं एक कपाट असतं, त्याला वर धुराडं असतं. आमच्याकडे ते होतं. त्यात सरांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले होते. मी विचारलं, सर, मग घाणेरड्या वासाचे वायू पोरांनी करायचे कुठे? सर म्हणाले, “खिडकीपाशी.” मी म्हटलं, पोरांचं डोकं दुखतं. सरांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, “आजवर कोणाचं काय झालंय?”

आजवर कोणाचं काय झालंय. या चार शब्दांवर त्या माणसाने आयुष्य काढलं. काही झालं नाही, म्हणून होणार नाही. होणार नाही, म्हणून बघायला नको. आणि बघितलंच नाही, म्हणून काही झालेलं कळलंही नाही. रसायनशास्त्राचा प्राध्यापक हा असा विचार करायचा. रुळावर झोपणारा माणूसही पहिली गाडी येईपर्यंत असाच विचार करत असेल.

त्या वर्षी नव्या अभ्यासक्रमात सोडियमचं प्रात्यक्षिक आलं. सोडियम हा मऊ धातू, रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाण्याला लागला की पेट घेतो. त्याचा इवलासा तुकडा काचेच्या बारक्या नळीत दुसऱ्या पदार्थाबरोबर तापवायचा, नळी लालबुंद झाली की तशीच पाण्याच्या वाडग्यात सोडायची. नळी फुटते. फुटावीच लागते, त्याशिवाय आतला माल पाण्यात उतरत नाही. तुकडा मुगाएवढा असला तर फुस्स होऊन संपतं. हरभऱ्याएवढा असला आणि थोडा जळायचा राहिला, तर पाण्याला लागताच उडतो, आणि काच, जळकं पाणी आणि क्षार हे सगळं समोरच्याच्या तोंडावर येतं. समोरच्याचं तोंड वाडग्यावर वाकलेलं असतं, कारण फुटलेली नळी बघायची उत्सुकता प्रत्येकाला असते.

विद्यापीठाकडून कागद आला. प्रत्येक प्रात्यक्षिकात धोका काय आणि खबरदारी काय, हे दोन रकान्यांत लिहून पाठवा. नव्या वर्गाच्या मान्यतेसाठी कमिटी येणार होती, तिला हे हवं होतं. सरांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, “तुम्हाला दोष काढायची सवय आहे, पत्रकवाले. काढा.”

मी काढले. आठवडाभर बसलो. प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहिला आणि प्रत्येक वेळी आमच्या दगडूदादांना शेजारी उभं केलं. दगडूदादा पाटील आमच्याकडे प्रयोगशाळेचे सेवक. त्याआधी अर्धं आयुष्य कोपरकडच्या मिठागरात गेलेलं. शाळा नाही, पण हाताने काम केलेल्या माणसाला कुठली वस्तू अंगावर येते ते कळतं. सोडियमचा प्रयोग पाहून ते म्हणाले, “मास्तर, यो फुटनार हाय ना, मंग पोराना तोंड खाली कशाला घालाला सांगता? लांब उबं करा.” मी तेच लिहिलं. तुकडा मुगाएवढा, आणि तो डेमॉन्स्ट्रेटरनेच कापून द्यावा. वाडग्यावर वाकू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय नळी तापवू नये. अकरा पानं झाली.

सरांनी ती अकरा पानं उभ्या उभ्या चाळली आणि खणात टाकली. मग कोरा कागद घेऊन सुंदर अक्षरात दोन रकाने आखले. प्रत्येक प्रयोगापुढे धोक्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. खबरदारीच्या रकान्यात लिहिलं, ‘घेतली जाते’. मी विचारलं, सर, धोका नाही तर खबरदारी कशाची घेतो आपण? ते क्षणभरही थांबले नाहीत.

“दोन्ही रकाने भरायचे असतात.”

आता चष्म्यांबद्दल. आमच्याकडे चष्मे होते. एका देणगीदाराने जाड काचेचे सहा चष्मे दिले होते, कातडी बाजू असलेले, पट्टा डोक्यामागे आवळायचा. चांगला माल होता. सरांनी ते दर्शनी काचेच्या कपाटात मांडले, खाली देणगीदाराच्या नावाची पाटी लावली आणि कपाटाला कुलूप घातलं. प्रत्येक चष्मा पातळ कागदात गुंडाळलेला. आपल्या घरांतून पाहुण्यांच्या कपबशा असतात ना, घरच्यांनी फुटक्या कानाच्या कपातून प्यायचं आणि फळीवरच्या सेटला हात लावायचा नाही, तशातली गत. मी मागितले तर सर म्हणायचे, “वापरले की ओरखडे पडतात. मग कमिटीला काय दाखवू?”

कमिटी आली त्या दिवशी कपाट उघडलं. पुढच्या बाकावरच्या सहा पोरांना चष्मे चढवले. कमिटीतले तीन गृहस्थ आले, त्यांनी चष्मे घातलेली पोरं पाहिली, दोन रकाने पाहिले, दाणेदार लाडू खाल्ले आणि समाधान व्यक्त केलं. ते जिना उतरत होते तोच सर चष्मे परत गोळा करत होते. आतून फुंकर मारून, पुसून, कागदात गुंडाळून.

मी गप्प बसणारा नव्हतो. दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, चष्मे सहा आहेत आणि पोरं चाळीस. सोडियमचा प्रयोग एका वेळी सहांनी करू दे. बाकीच्यांनी तोवर दुसरं काम करावं. सात पाळ्यांत वर्ग संपेल. एवढंच मागतो. सर म्हणाले, वेळापत्रकात बसत नाही. मी म्हटलं, दोन दिवस घेऊ. सर म्हणाले, तेही बसत नाही. मी म्हटलं, सर, चाळीस पोरांचे डोळे आहेत. तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “भीती हा रसायनशास्त्राचा विषय नाही. मानसशास्त्राचा आहे. तिकडे प्रवेश घ्या.”

प्रयोग झाला. चाळीस पोरं, चाळीस वाडगे, उघडे डोळे. सोडियम कापायचं काम सरांनी माझ्याकडून काढून घेतलं होतं. मी फार बारीक कापतो आणि मग पुढच्या चाचणीत रंग नीट येत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. सरांनी हरभऱ्याएवढे तुकडे कापले. रोज वेगळा पदार्थ घेऊन हाच प्रयोग तीन दिवस चालायचा होता. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सर टेबलांमधून फिरत होते आणि माझ्यापाशी आले की भुवया उडवत होते.

तिसऱ्या दिवशी ताऱ्याचा वाडगा उडाला.

तारे हे त्याचं खरं नाव नाही. कोपरचा मुलगा, बाप मिठागरात, त्याच्या गावातून विज्ञान शिकायला आलेला पहिला. अबोल, आणि हात असा स्थिर की मी इतर पोरांना त्याच्याकडे बघायला सांगायचो. ठाकुर्लीच्या पलीकडे एका मोठ्या कारखान्यात पाणी तपासायची प्रयोगशाळा होती. तिथे परीक्षेनंतर त्याला घेऊ असं त्यांनी कळवलं होतं. फक्त डॉक्टरी तपासणी बाकी होती. त्याच्या घरात दुसऱ्या कशाबद्दल बोलणंच होत नसे.

आवाज फार मोठा झाला नाही. फटाका ओला असावा तसा. तारे डाव्या डोळ्यावर हात दाबून खाली बसला. मी धावलो. पण माझ्याआधी दगडूदादा पोचले होते. त्यांनी ताऱ्याला मानेला धरून मोरीपाशी नेलं, त्याचा हात जबरदस्तीने डोळ्यावरून काढला आणि माठातलं पाणी तांब्याने ओतायला लागले. एक तांब्या, दुसरा, तिसरा. थांबेचनात. तिकडे सर कपाटं उघडत होते. त्यांना पाठ होतं, क्षार डोळ्यात गेला तर बोरिकचं पाणी घालायचं. तक्त्यात तसंच लिहिलेलं असतं. ते बोरिकची बाटली शोधत होते. बाटल्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या आणि बोरिकला वास नसतो. पाच मिनिटं तो माणूस एकेक बूच काढून हुंगत उभा होता.

मग ओरडले, “पाटील, नुसतं पाणी नका ओतू. नीट उपचार होऊ द्या.”

दगडूदादांनी मान वरही केली नाही. “मिठागरात डोल्यान खारं गेला का आमी पानीच मारताव, सायेब. तुमचा काय ता सापरला का आना.”

कल्याणच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की त्या पाण्यामुळे डोळा जागेवर राहिला. जागेवर राहिला, पण त्याची नजर गेली. उजेड कळायचा, माणूस कळायचं नाही.

मी त्या रात्रीत पत्रक लिहिलं. माझ्या हातून तोवर जेवढी पत्रकं निघाली होती त्यात ते सगळ्यात चांगलं होतं, अजूनही आहे. अकरा पानांतला सोडियमचा भाग जसाच्या तसा घातला, शेजारी सरांचे दोन रकाने. मधे ताऱ्याचा डोळा. पाचशे प्रती छापून घेतल्या आणि आधी ताऱ्याला दाखवाव्यात म्हणून एक गठ्ठा घेऊन कोपरला गेलो.

त्याच्या घरी सर बसलेले होते.

शेताच्या बांधावरून छत्री टेकत, धोतर वर धरून ते तिथवर आले होते. बाजेवर बसले होते आणि मोसंब्यांची पिशवी पायाशी. मला बघून म्हणाले, “या पत्रकवाले. मला वाटलंच.” ताऱ्याच्या डोळ्यावर पट्टी होती. त्याच्या मांडीवर एक कागद होता आणि हातात सरांचं पेन. कागदावर सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं की सूचना दिलेली असूनही मी चष्मा न लावता प्रयोग केला, तुकडा स्वतः मोठा कापला, इजा किरकोळ असून त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी तो कागद वाचला आणि माझा तोल गेला. मी सरांना म्हटलं, तुम्हाला लाज नाही का वाटत? हा मुलगा आयुष्यभर एका डोळ्याने बघणार आणि तुम्ही त्याच्याच हाताने लिहून घेताय की चूक त्याची? सर शांत होते. ते नेहमी शांत असायचे. ज्याला कशाची जबाबदारीच नाही त्याचं रक्त तापायला कारण काय? ते म्हणाले, “तुमच्या पिशवीत काय आहे ते दाखवा त्याला. वाचू दे.”

मी दिलं. ताऱ्याने पत्रक एका डोळ्याजवळ धरून सावकाश वाचलं. त्याचा बाप दारात उभा होता, त्याला वाचता येत नव्हतं, तो मुलाच्या तोंडाकडे बघत होता. वाचून झाल्यावर ताऱ्याने कागदाची नीट घडी घातली.

“सर, तुम्ही खरं लिहिलंय,” तो मला म्हणाला. “पण यात लिहिलंय माझा डोळा गेला. डॉक्टरी तपासणी अजून व्हायचीय. हे कारखान्यात कुणी वाचलं तर मला कोण घेणार?”

त्याचा बाप पहिल्यांदाच बोलला. “मास्तर, डोला गेला तो गेला. आता नोकरी नका घालवू.”

मी पत्रकं लिहिताना तोवर एकदाही विचार केला नव्हता की खरं छापलं तर ते कुणाच्या अंगावर पडेल. सरांनी तो विचार केला होता, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त तिटकारा आला. त्या माणसाला दुसऱ्याची अडचण बरोबर कळायची. फक्त ती मिटवायची कशी याऐवजी तिच्यामागे आपण लपायचं कसं, हे त्याला आधी सुचायचं. त्याने खोट्याला त्या पोराच्या बाजूला उभं केलं आणि खऱ्याला त्याचा शत्रू करून टाकलं. ताऱ्याने सही केली.

आणि पुढे जे झालं तेही लिहितो, कारण मी खोटा ठराव लिहायला बसलेलो नाही. सही केलीस तर नोकरीचं मी बघतो, हा त्याला दिलेला शब्द सरांनी पाळला. कारखान्याला शिफारसपत्र दिलं. डोळे तपासायचा इंग्रजी अक्षरांचा तक्ता सगळीकडे एकच असतो, तो कुठूनसा मिळवला आणि महिनाभर रोज संध्याकाळी ताऱ्याला घरी बोलावून ती अक्षरं ओळीओळीने घोकून घेतली. वरून खाली, खालून वर, मधली कुठलीही ओळ विचारली तरी. त्या माणसाने आयुष्यात एवढ्या कळकळीने काही शिकवलं असेल तर हे. चाळीस पोरांचे डोळे राखायला त्याला वेळापत्रकात दोन दिवस सापडले नव्हते. एक डोळा नसल्याचं लपवायला महिना सापडला.

तारे तपासणीत पास झाला. माझी पाचशे पत्रकं ट्रंकेत राहिली.

पण ताऱ्याने सही केली तेव्हा प्रयोग अजून संपला नव्हता. दुसऱ्या तुकडीचं सोडियम बाकी होतं. आणखी चाळीस पोरं. पत्रक वाटायला माझे हात बांधले गेले होते, पण सोडियमची बाटली माझ्या ताब्यात होती. सोमवारी सकाळी वर्ग भरला, पोरांनी नळ्या मांडल्या, आणि मी बाटली पुढ्यात घेऊन स्टुलावर बसलो. सरांना सांगितलं, कपाट उघडा, सहा चष्मे काढा, सहा-सहा पोरांना पाठवा. तोवर एक तुकडा मिळणार नाही.

दगडूदादा मोरीपाशी उभे होते. त्यांनी न सांगता दोन माठ भरून ठेवले होते. मागच्या बाकावर तारेही होता. पहिल्या तुकडीतला त्याचा प्रयोग अर्धवट राहिला होता, तो पुरा करायला आला होता. पट्टी निघाली होती.

मला वाटलं होतं सर रागावतील, प्राचार्यांना बोलावतील. तसं काही झालं नाही. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. माझ्यासमोरून बाटली उचलली. सरांच्या हातातून बाटली हिसकावायचा धीर मला झाला नाही, हे कबूल करतो. रॉकेलमधून सोडियमचा गोळा चिमट्याने काढला, टीपकागदावर ठेवला आणि सुरीने तुकडा कापला. हरभऱ्याएवढा. मुद्दाम. नळीत घातला, बर्नरवर धरला. नळी लाल व्हायला लागली तशी पोरं पुढे सरकली. मी ओरडून त्यांना मागे ढकललं. सर वाडग्यावर वाकले. उघडे डोळे, चेहरा पाण्यापासून वीतभर, आणि त्या अवस्थेत त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग नळी सोडली.

फुस्स.

काच तडकली, पाणी थोडं काळवंडलं, एक धुराची रेघ वर गेली. संपलं. सरांनी मान वर केली, दोन्ही हात वर्गासमोर पसरले आणि विचारलं, “काय झालं?”

चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्याखुऱ्या, मनापासून. सर त्या टाळ्यांत उभे होते आणि त्यांचा चेहरा त्या दिवशी असा उजळलेला होता की मला पहिल्यांदा कळलं, हा माणूस लबाड नव्हता. लबाड परवडला असता. याचा खरोखरच विश्वास होता, की जे आता झालं नाही ते कधीच होणार नाही. चार दिवसांपूर्वी डोळ्यावरची पट्टी सोडलेला मुलगा त्याच खोलीत बसला होता, आणि तरीही.

मी मागे बघितलं. तारेही टाळ्या वाजवत होता.

दगडूदादांच्या टेबलावर अॅप्रन ठेवून मी निघालो. सर मागून म्हणाले की उद्यापासून आलं नाही तरी चालेल. ते सांगायची गरज नव्हती. त्या तुकडीने उघड्या डोळ्यांनी प्रयोग केला आणि कुणाला काही झालं नाही. पुढल्या वर्षीच्या तुकडीलाही नाही. सर सगळीकडे हे सांगायचे. आता ठरावातही आलं.

मी पुढे अंबरनाथकडच्या कामगारांत काम करायला लागलो. कारखान्यात काय अंगावर येतं, ते कामगारांकडूनच विचारून घ्यायचं आणि लिहायचं. पण आता लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्याला वाचून दाखवतो. हा लेखही ताऱ्याला वाचून दाखवला. तो आता नोकरीत कायम झालाय. त्याने नाव बदलायला सांगितलं आणि बाकी सगळं राहू दे म्हणाला.

मग मी त्याला इतकी वर्षं मनात सलत असलेली गोष्ट विचारली. म्हटलं, बाकीच्या पोरांना तमाशा आवडला, समजू शकतो. तू टाळ्या कशाला वाजवल्यास? ज्याने तुझा डोळा घालवला त्याच्यासाठी?

तारे म्हणाला, “सर, नळी लाल झाली आणि ते खाली वाकले ना, तेव्हा मी जाम घाबरलेलो. मला माहीत होतं, पुढे काय होऊ शकतं ते. तुकडा मोठा होता, मी बघितलेला. डोळे मिटून घेतलेले मी. उघडले तर त्यांचे दोन्ही डोळे शाबूत. मग हात आपोआप वाजले.”

ऐंशी पोरं त्या प्रयोगशाळेत येऊन गेली, तीन विद्वानांची कमिटी आली, रकाने भरले गेले. धोका किती होता हे त्या खोलीत तेव्हा नीट मोजलं होतं फक्त याने. आणि मोजून त्याला वाटलं काय, तर समोरच्याचा डोळा वाचला याचं बरं.

खांबेटे सरांना हे कधी कळलं नाही. ते त्या टाळ्या स्वतःच्या धैर्याला मिळाल्या असं समजूनच मेले.